'यंत्र काय प्रोग्रॅम लिहिणार!'

१९५४च्या मे महिन्यात अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयानं वॉशिंग्टनमध्ये एक परिसंवाद भरवला होता. विषय होता 'ऑटोमॅटिक प्रोग्रॅमिंग', म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना माणसाऐवजी संगणकाकडूनच लिहून घेणं. हे शब्द आज वर्तमानपत्रात छापून आले तर कुणालाही ते याच आठवड्यातले वाटतील. जगात तेव्हा संगणक मोजके होते, ते चालवू शकणारी माणसंही मोजकीच. पण या एका प्रश्नावर त्यांच्यात सरळ दोन तट पडलेले होते.

आज हा विषय निघण्याचं कारण उघड आहे. २०२१च्या जूनमध्ये गिटहब कंपनीनं 'कोपायलट' हे साधन चाचणीसाठी बाहेर आणलं. २०२२च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून ज्या घरात कुणी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्या घरात जेवताना हाच विषय निघतो. स्टॅक ओव्हरफ्लो दरवर्षी प्रोग्रॅमरांची पाहणी करते. तिच्या २०२५ सालच्या पाहणीत ८४ टक्क्यांनी सांगितलं, की आम्ही अशी साधनं वापरतो किंवा वापरणार आहोत. त्याच पाहणीत, या साधनांच्या अचूकतेवर आमचा भरवसा नाही असं म्हणणारे ४६ टक्के निघाले आणि भरवसा आहे म्हणणारे ३३ टक्के. हातात घेतलंय, पण मनात बसलेलं नाही, असा हा प्रकार.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. 'अहो, कंपायलर आला तेव्हाही लोक असेच कुरकुरत होते. पुढे सगळे मुकाट्यानं वापरायला लागले की नाही?' मी बरीच वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलं. हा दाखला माझ्यासमोर इतक्यांदा ठेवला गेला, की ते कुरकुरणारे लोक कोण होते आणि त्यांचं म्हणणं नेमकं काय होतं, हे एकदा नीट सांगावं असं वाटलं. कारण दाखल्यात सांगतात तशी ती गोष्ट घडलेली नाही.

आधी त्या काळचं काम कसं चाले ते पाहू. हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली 'मार्क वन' हे गणनयंत्र चालू झालं. लांबी ५१ फूट. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीला भोकं पाडून. युद्धाचे दिवस होते, यंत्र नौदलाच्या कामाला जुंपलेलं होतं आणि त्यावर काम करण्यासाठी ग्रेस हॉपर नावाच्या सदतीस वर्षांच्या गणिताच्या प्राध्यापिका नौदलाचा गणवेश चढवून तिथे दाखल झाल्या.

तिथल्या मंडळींची एक पद्धत होती. एखाद्या कोनाचा साइन काढायच्या सूचना एकदा बिनचूक जमल्या, की त्या वहीत उतरवून ठेवायच्या. पुन्हा गरज पडली की स्वतःच्या नाहीतर शेजाऱ्याच्या वहीतून त्यांची नक्कल करायची. आपल्याकडे पाककृतींच्या वह्या सासूकडून सुनेकडे जातात तसंच. पण नक्कल करताना घोटाळे होत. हॉपरबाईंनी पुढे आठवण सांगितली आहे, की ४ या आकड्याचा बघता बघता डेल्टा होई आणि इंग्रजी 'बी' या अक्षराचे १३ होत. दुसरी भानगड पत्त्यांची. वहीतल्या सूचना शून्य क्रमांकापासून लिहिलेल्या असत. त्या नव्या प्रोग्रॅममध्ये मधेच कुठे बसवायच्या तर प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागे. गणितातल्या पदव्या घेतलेली माणसं ही साधी बेरीज करताना चुकत.

हॉपरबाईंना यातली गंमत दिसली. नक्कल करणं आणि बेरीज करणं, या दोन कामांत माणूस चुकतो. आणि समोर जे अवाढव्य यंत्र उभं आहे, ते नेमकी हीच दोन कामं न चुकता करण्यासाठी बांधलेलं आहे! १९४९मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. १९५२पर्यंत त्यांनी 'ए-झीरो' नावाची प्रणाली चालवून दाखवली. चुंबकीय टेपवर सूचनांचे तयार संच साठवलेले. प्रोग्रॅमरनं फक्त त्यांचे क्रमांक सांगायचे. संगणक टेपवरून ते संच शोधणार, जागच्या जागी बसवणार, पत्ते जुळवणार. ठिकठिकाणचं गोळा करून एकत्र रचणं, या अर्थानं त्यांनी त्याला 'कंपायलर' म्हटलं. आजच्या अर्थानं तो पुरता कंपायलर नव्हे, पण शब्द रुळला तो तिथून.

यातली एक अडचण त्यांनी कशी सोडवली ते सांगण्यासारखं आहे. पुढे येणाऱ्या एखाद्या सूचनेकडे उडी मारायची, पण ती सूचना अजून रचलीच गेलेली नाही. मग तिचा पत्ता देणार कसा? हॉपरबाई कॉलेजात बास्केटबॉल खेळत. चेंडू थेट पुढच्या खेळाडूकडे टाकता येत नसेल तर तो मधल्याकडे द्यायचा आणि आपण पुढे पळायचं. त्यांनी स्मरणकोशाच्या टोकाला एक राखीव कोपरा ठेवला. उडी आधी तिथे मारायची. खरी जागा ठरली की त्या कोपऱ्यातून पुढची उडी लिहून टाकायची.

एवढं सगळं झालं, तरी हे वापरायला कुणी पुढे येईना. चालता कंपायलर तयार आहे आणि त्याला कुणी हातही लावत नाही, अशी ती परिस्थिती होती. लोक त्यांना समजावत, की बाई, संगणक आकडेमोड करतो. तो प्रोग्रॅम लिहीत नसतो.

आता हे लोक असं का म्हणत होते? त्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांची बाजू बरीच भक्कम होती. पहिलं म्हणजे यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा होता आणि स्मरणशक्ती अगदी तुटपुंजी. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जो पहिला मोठा संगणक बांधला गेला, त्याच्या गाभ्यात २०४८ शब्द मावत. एवढ्याशा जागेत सगळा संसार थाटायचा तर एकेक सूचना काटकसरीनं लिहावी लागे, आणि ही काटकसर यंत्राला कशी जमणार?

दुसरं म्हणजे, तोवर आलेल्या 'ऑटोमॅटिक' प्रणालींचा अनुभव वाईट होता. त्या प्रोग्रॅमरचे कष्ट वाचवत, पण यंत्राचा वेग खात. एमआयटीमध्ये लॅनिंग आणि झीर्लर या दोघांनी १९५४मध्ये बीजगणितातली समीकरणं जशीच्या तशी स्वीकारणारी सुंदर प्रणाली केली होती. पण तिनं चालवलेला प्रोग्रॅम हातानं लिहिलेल्या प्रोग्रॅमपेक्षा साधारण दसपट हळू चाले. त्यात विकणाऱ्यांचा उत्साह असा, की ही प्रणाली जणू माणसासारखा विचारच करते. दोनचारदा असं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पिणारच.

तिसरं कारण मात्र माणसाच्या स्वभावातलं. फोर्ट्रान भाषेचे जनक जॉन बॅकस यांनी १९७६ साली त्या दिवसांबद्दल बोलताना प्रोग्रॅमरांना पुरोहितवर्गाची उपमा दिली होती. ही विद्या सामान्यांच्या आवाक्याबाहेरची आहे आणि तिचं रक्षण करणारे आपण, अशी त्यांची भावना झाली होती. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात जाऊबाईंनी पाऊल टाकलं की जसं व्हावं, तसं त्यांना या साधनांमुळे होई. शिवाय ज्यांच्या पोटावर खरा पाय येणार होता तो वर्ग निराळाच होता. कामाची आखणी करणारा वरचा आणि ती आखणी यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा 'कोडर' खालचा, अशी उतरंड बऱ्याच ठिकाणी असे. या कोडरांत स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. 'ऑटोमॅटिक कोडिंग' या नावातच कुणाचं काम जाणार ते लिहिलेलं होतं.

या पुरोहितवर्गातल्या एका अस्सल माणसाची हकिगत एड नॅदर या खगोलशास्त्रज्ञानं १९८३मध्ये लिहून ठेवली आहे. नॅदर तरुणपणी रॉयल मॅक्बी या संगणक कंपनीत होता. तिथे मेल नावाचा एक प्रोग्रॅमर होता. त्या यंत्रांची स्मृती होती फिरत्या चुंबकी ढोलावर. एक सूचना पार पडेपर्यंत ढोल थोडा पुढे गेलेला असे. पुढची सूचना नेमकी वाचकाच्या खाली आलेली असली तर ठीक, नाहीतर ढोलाची आख्खी फेरी होईपर्यंत थांबायचं. मुंबईच्या लोकलचा रोजचा प्रवासी कसा, उतरल्यावर पुलाचा जिना बरोबर समोर यावा म्हणून कुठल्या डब्यात चढायचं हे पक्कं ठरवून असतो, तसा मेल प्रत्येक सूचना ढोलावर कुठे ठेवायची ते स्वतः ठरवी. हे काम आपोआप करणारं साधन कंपनीकडे होतं. मेल ते वापरायला तयार नसे. कारण काय, तर ते कुठली गोष्ट कुठे ठेवील याचा नेम नाही.

त्यानं पत्त्यांच्या खेळाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. विक्री खात्यानं सांगितलं, की एक बटण ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाला हवं तेव्हा जिंकू देता येईल. मेलला हे अप्रामाणिक वाटलं. अखेर त्यानं बटण बसवलं, पण तपासणी उलटी लागली आणि बटण दाबलं की यंत्रच जिंकायला लागलं. मेल खूश झाला आणि त्यानं ते दुरुस्त करायला नकार दिला. पुढे तो नोकरी सोडून गेला आणि दुरुस्तीचं काम नॅदरकडे आलं. त्याला प्रोग्रॅममध्ये एक आवर्तन असं सापडलं, की त्यातून बाहेर पडायची अटच नाही. नियमानं ते कायम फिरत राहायला हवं, पण यंत्र सुखरूप बाहेर पडत होतं. दोन आठवडे डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. आकडा वाढत वाढत इतका फुगे की तो ओसंडून शेजारच्या जागेत जाई, आणि त्यामुळे तिथल्या सूचनेचाच अर्थ बदलून ती बाहेर उडी मारायची सूचना बनत असे. नॅदरनं तो प्रोग्रॅम तसाच राहू दिला आणि साहेबांना सांगितलं, की मला चूक सापडली नाही.

मला ही गोष्ट फार आवडते. वर्गात मी ती दरवर्षी सांगत असे. अशा कारागिरीला हात जोडावेत, आणि असा कारागीर आपल्या हाताखाली न येवो अशी देवाजवळ प्रार्थनाही करावी! कारण मेलनं केलेलं मेलखेरीज कुणाला बदलता येत नव्हतं.

जॉन बॅकस या साऱ्यांना पुरते ओळखून होते, कारण ते त्यांच्यातलेच एक होते. जन्म १९२४चा, आयबीएममध्ये १९५०पासून. आपण आळशी होतो, प्रोग्रॅम लिहायचा कंटाळा यायचा, म्हणून हे सगळं केलं, असं ते मोकळेपणानं सांगत. १९५३च्या अखेरीस त्यांनी वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवला तो मात्र रोकड्या हिशेबाचा होता. संगणक केंद्रात यंत्रावर जितका खर्च होतो, निदान तितकाच प्रोग्रॅमरांच्या पगारावर होतो. यंत्राचाही पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो. म्हणजे एकूण खर्चाचा पाऊण हिस्सा प्रोग्रॅम लिहिणं आणि निस्तरणं यातच गेला.

त्याच सुमारास आयबीएमचं ७०४ हे यंत्र येऊ घातलं होतं, आणि त्यानं एक नवीच पंचाईत केली. आधीच्या यंत्रांना दशांश चिन्ह सरकवत करायची आकडेमोड मुळातून येत नसे; ती सूचनांच्या लांबलचक मालिकेनं करून घ्यावी लागे. त्यातच इतका वेळ जाई, की ऑटोमॅटिक प्रणालीचा आळस त्यात खपून जात असे. ७०४ हे गणित थेट विद्युतमंडलांतच करणार होतं. आता लपायला आडोसा उरला नाही. यंत्रानं लिहिलेला प्रोग्रॅम ढिसाळ असेल तर तो उघड उघड ढिसाळ दिसणार होता.

इथे बॅकस यांनी जे ठरवलं, त्यातच फोर्ट्रानच्या यशाचं मर्म आहे असं मला वाटतं. त्यांनी शंकेखोरांशी वाद घातला नाही. त्यांची शंका हीच कामाची अट म्हणून स्वीकारली. आपला कंपायलर सुरुवातीच्या महिन्यांत हातानं लिहिलेल्याच्या निम्म्या वेगाचा जरी प्रोग्रॅम देऊ लागला, तरी लोक त्याच्याकडे पाठ फिरवतील, हे ते धरून चालले. भाषेचा आराखडा त्यांच्या गटानं जसं सुचेल तसा केला. आज संगणकशास्त्राचे विद्यार्थी ज्याची पूजा करतात ते व्याकरण त्यांना दुय्यम होतं. सगळा जीव ओतला तो निघणारा प्रोग्रॅम वेगवान व्हावा यावर.

उदाहरण देतो. शंभर आकड्यांचं दहा बाय दहा कोष्टक आहे आणि त्यातल्या घरांवरून एकामागून एक फिरायचं आहे. साधा अनुवादक प्रत्येक घराशी 'ओळ गुणिले दहा अधिक रकाना' हा हिशेब नव्यानं मांडील. मुरलेला प्रोग्रॅमर तसं करत नाही. एका घरावरून पुढच्यावर जाताना तो पत्त्यात नुसता एक मिळवतो. फोर्ट्रानच्या कंपायलरला ही युक्ती आपणहून ओळखायला शिकवलं होतं. ७०४मध्ये पत्ते मोजायला खास जागा होत्या फक्त तीन. त्या तिघांत कोणाला केव्हा बसवायचं, हे ठरवण्यासाठी प्रोग्रॅमचा कुठला भाग किती वेळा चालेल याचा अंदाज तो बांधत असे. निघालेला प्रोग्रॅम पाहून खुद्द त्याचे कर्तेही चमकत. कंपायलर सूचना अशा काही हलवी, की हे चुकलंय असं त्यांना आधी वाटे आणि तपासल्यावर बरोबर निघे.

हे सगळं 'आणखी सहा महिन्यांत' होणार होतं. बॅकस यांना केव्हाही विचारलं तरी उत्तर तेच असे. प्रत्यक्षात १९५४च्या नोव्हेंबरात पहिला आराखडा निघाला आणि कंपायलर गिऱ्हाइकांच्या हाती पडला १९५७च्या एप्रिलात. अठरा माणसांचं एक वर्षाचं काम भरेल एवढी मेहनत त्यात गेली. त्या १९५४च्या आराखड्यात एक वाक्य होतं, की या प्रणालीमुळे सूचना लिहिणं आणि चुका शोधणं जवळजवळ संपेल. बाकीच्या आराखड्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, हे वाक्य आजही उत्पादनांच्या जाहिरातींत तसंच्या तसं वापरलं जातं.

त्याचा निकालही लगेच लागला. पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउसच्या बेटिस प्रयोगशाळेत पंच कार्डांचा एक गठ्ठा आला. वर नाव नाही, सोबत पत्र नाही. हाच तो फोर्ट्रान असणार, असं ओळखून तिथल्या मंडळींनी आपला एक प्रोग्रॅम त्याला दिला. कंपायलर थांबला आणि अमक्या सूचनेत स्वल्पविराम राहिला आहे, असं त्यानं छापून दिलं. पाहतात तो खरंच राहिला होता! स्वल्पविराम घातला, कार्डं पुन्हा लावली आणि उत्तरं छापून यायला लागली.

त्याच वर्षीच्या शोधनिबंधात बॅकस यांच्या गटानं एक उदाहरण नोंदवलं आहे. एका प्रोग्रॅमरनं फोर्ट्रानचं एक दिवसाचं शिक्षण घेतलं आणि चार तासांत ४७ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. ७०४नं सहा मिनिटांत त्याच्या सुमारे हजार सूचना करून दिल्या. हातानं हेच करायला तीन दिवस लागले असते, असा त्याचा अंदाज होता. १९५८च्या एप्रिलात २६ केंद्रांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त केंद्रं आपली निम्म्याहून अधिक कामं फोर्ट्रानमध्ये करत होती. केवळ एका वर्षात! ज्यांनी हॉपरबाईंच्या कंपायलरला हात लावला नव्हता त्याच जमातीची ही माणसं. त्यांची मतं बदलली, कारण वेग मोजून पाहता आला.

आपल्याकडेही हा प्रवास थोड्या वर्षांच्या अंतरानं झाला. टाटा संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६०मध्ये कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. १९६४मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आलं, फोर्ट्रानसकट. देशभरातल्या संस्थांमधले शास्त्रज्ञ त्यावर आपली गणितं करून घेऊ लागले. त्याआधी १९६३मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आलं होतं आणि तिथूनही फोर्ट्रान शिकवणं सुरू झालं. यंत्राच्या पोटात काय चालतं ते ठाऊक नसलेला पदार्थवैज्ञानिक आता स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः लिहू लागला. मीही फोर्ट्रान शिकलो तो पंच कार्डांवर. कार्डाला ८० रकाने, मजकूर सातव्यापासून. आमचे एक सर मशीन कोडमध्ये उमेद घालवलेले. ते म्हणत, फोर्ट्रान म्हणजे पाटावर बसून वाढून घेणं. भाकरी थापायला कधी शिकणार?

त्यांचं म्हणणं पुढची वीसेक वर्षं तरी पुरतं खोटं पडलं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमसारखी कामं यंत्राच्या भाषेतच व्हायला हवीत, असं बहुतेकांना वाटे. युनिक्सही आधी तशीच लिहिलेली होती. १९७३मध्ये ती सी भाषेत नव्यानं लिहिली गेली.

व्यापारी जगात गाडी दुसऱ्याच वळणानं गेली. तिथे विरोध वरून होता. हॉपरबाईंना आकड्यांऐवजी इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता यावेत असं वाटत होतं. ही कल्पना पटवताना त्यांनी एक नमुना करून दाखवला आणि वर म्हटलं, बघा, हाच प्रोग्रॅम फ्रेंचमध्येही लिहिता येतो आणि जर्मनमध्येही. साहेबलोक हादरले. फिलाडेल्फियात बनलेल्या सभ्य अमेरिकन संगणकाला फ्रेंच आणि जर्मन कसं कळेल? त्यांची समजूत घालण्यात चार महिने गेले. याच विचारातून आधी फ्लो-मॅटिक आणि १९५९-६०मध्ये कोबोल भाषा आली. कोबोल साध्या इंग्रजीच्या इतकी जवळ, की व्यवस्थापकालाही वाचता येईल, मग प्रोग्रॅमरवर अवलंबून राहायला नको, अशी आशा होती. झालं काय? कोबोल प्रोग्रॅमर नावाचा एक नवाच व्यवसाय उभा राहिला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सन २०००च्या तारखेचा घोळ निस्तरायची वेळ आली, तेव्हा हेच जुने कोबोल प्रोग्रॅम तपासायचं काम भारतीय कंपन्यांकडे आलं. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मुलांची पहिली नोकरी आणि पहिली परदेशवारी त्या कामावर झाली. प्रोग्रॅमर अनावश्यक करायला निघालेल्या साधनानं चाळीस वर्षांनी आपल्याकडच्या प्रोग्रॅमरांच्या घरांत फ्रिज आणले, असं म्हटलं तरी चालेल.

तेव्हा 'कंपायलरच्या वेळीही लोक कुरकुरत होते' हे खरं. पण त्या कुरकुरीतूनच कंपायलर चांगला झाला, हे सांगायचं राहून जातं. आणखी एक फरक राहतो. फोर्ट्रानला तोच मजकूर दहादा दिला तर दहाही वेळा तोच प्रोग्रॅम निघे. त्यात स्वल्पविराम नसला की तो अडून बसे. आजच्या साधनाला तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन उत्तरं मिळू शकतात. स्वल्पविराम राहिला तर ते आपणहून घालतं, आणि अर्थात कमतरता असली तरी ती अंदाजानं भरून पुढे जातं. हे सोयीचं खरं, पण त्यानं काय गृहीत धरलं ते शोधणं हे वाचणाऱ्याचं काम होऊन बसतं.

वेग मोजायला जावं तर तिथेही गुंता आहे. मीटर या अमेरिकन संस्थेनं २०२५मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्या ओळखीच्याच प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही साधनासह, काही त्याविना. साधनासह कामाला १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि त्या प्रोग्रॅमरांना विचारलं, तर आपण २० टक्के लवकर आटोपलं असं त्यांना वाटत होतं! ही २०२५च्या सुरुवातीची साधनं, माणसं मुरलेली, प्रकल्प जुने; नवख्याचा हिशेब वेगळा येईल आणि साधनंही बदलत राहतील. पण वेग वाढल्याचा भास आणि वेग यांत एवढं अंतर पडू शकतं, हे फोर्ट्रानच्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तेव्हा घड्याळ लावलं की प्रश्न मिटत असे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत गटप्रमुख आहे. ती ही साधनं रोज वापरते आणि त्यांच्याविरुद्ध तिची काही तक्रार नाही. तिला घोर आहे तो नव्या मुलांचा. पूर्वी पहिली दोन वर्षं त्यांना बारीकसारीक कामं दिली जात. त्यात चुकत, शिव्या खात ती तयार होत. ती बारीक कामं आता साधन करतं. मग दहा वर्षांनी या साधनाचं काम तपासणारा अनुभवी माणूस यायचा कुठून? वरच्यांनी तर यंदा नवी भरतीच कमी करू या का, असं विचारायला सुरुवात केली आहे. तिनं सध्या एक नियम केलाय. साधनानं लिहिलेलं घ्यायला हरकत नाही. पण ते घेण्याआधी शेजाऱ्याला फळ्यापाशी बोलावून ओळ न् ओळ समजावून सांगायची. मुलं वैतागतात, म्हणते. एकानं तर सरळ विचारलं, की तुम्हाला हे साधन आवडत नाही म्हणून आम्हाला शिक्षा का?

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. 'सर, तुम्ही आम्हाला हातानं सोडवायला द्यायचात ती कार्डांच्या काळातली गणितं अजून आहेत का तुमच्याकडे?' ट्रंकेत होती. झेरॉक्स काढून पाठवली आहेत.